एका गुंडीचा हिशेब



पवनारला धाम नदीच्या काठी दरवर्षी १२ फेब्रुवारीला सर्वोदयाचा मेळा भरतो. १९४८ साली याच दिवशी गांधीजींच्या अस्थी इथे धामच्या पाण्यात सोडल्या गेल्या. पुढे विनोबांनी या दिवसासाठी एक साधी रीत सुचविली. हार नको, पैसा नको; ज्याने त्याने वर्षातून एकदा स्वतः कातलेल्या सुताची एक गुंडी आणून वाहावी. तिला सूतांजली म्हणतात. लहानपणी मी मावशीचे बोट धरून या मेळ्याला जात असे. गुंडी मावशीची, आणि वाहायचा मान माझा! त्या वयात मला प्रश्न पडे तो एवढाच, की गुंडी म्हणजे सूत तरी किती?

उत्तर मावशीला तोंडपाठ होते. चार फुटांची एक तार. अशा १६० तारांची एक लट. चार लटांची एक गुंडी. म्हणजे ६४० तारा, २,५६० फूट सूत. (नंतर हजार मीटरची गुंडी धरण्याची रीत आली, पण जुनी माणसे अजून तारांतच बोलतात.) फाळक्यावर सूत गुंडाळताना मावशी ओठातल्या ओठात मोजत जाई, आणि मध्ये कोणी बोलले तर हाताने थांब म्हणे. आकडा चुकला तर मजुरी चुकली. ही गोष्ट आज मुद्दाम आठवायचे कारण पुढे येईलच.

आज बोलायचे आहे ते लहान कारागिराने नवे यंत्र कसे पत्करावे याविषयी. हल्ली या प्रश्नाला मोठाली नावे आहेत. शाश्वत तंत्रज्ञान म्हणा, डिजिटल तंत्रज्ञान म्हणा. पण आपल्या वर्धा जिल्ह्यात हा प्रश्न नव्वद वर्षांपासून चालू आहे, आणि त्याची काही उत्तरेही इथेच शोधली गेली. काही साधली, काही फसली. फसलेल्यांपासूनच अधिक शिकता येते, असे मला इतिहास शिकविताना वाटत आले आहे.

पहिली गोष्ट १९२९ सालची. गांधीजी यंत्राचे वैरी होते असा एक सोपा समज आपल्याकडे आहे. परीक्षेत मुलेही तसेच लिहितात. त्यांनी काय केले ते पाहा. अखिल भारत चरखा संघाने त्या वर्षी जाहीर केले की सुधारलेला चरखा करून देणाऱ्याला एक लाख रुपये बक्षीस दिले जाईल. १९२९ सालचे एक लाख! देशातल्या आणि परदेशातल्या कोणाही कारागिराने, इंजिनियराने यावे. यंत्राचा वैरी असली जाहिरात कशाला काढील?

पण या जाहिरातीत बक्षिसापेक्षा अटी महत्त्वाच्या आहेत. यंत्र हलके असावे, उचलून नेता यावे, खेड्यातल्या झोपडीत हाताने किंवा पायाने चालावे. बाईला त्यावर आठ तास काम करता यावे आणि तिची दमछाक होऊ नये. आठ तासांत १२ ते २० अंकाचे १६,००० फूट सूत निघावे. किंमत दीडशे रुपयांच्या आत असावी. वेळच्या वेळी दुरुस्ती केली तर ते वीस वर्षे टिकावे. आणि दुरुस्तीचा वर्षाचा खर्च मूळ किमतीच्या शेकडा पाचांहून वर जाऊ नये. शिवाय पेळू करण्याची सोय यंत्रातच असावी, नाहीतर तिच्यासाठी वेगळे साधन बरोबर द्यावे.

शिक्षकबंधूंनी हे गणित वर्गात घालून पाहावे. १६,००० फूट म्हणजे सव्वासहा गुंड्या. आणि दीडशेचे शेकडा पाच म्हणजे साडेसात रुपये. त्याहून जास्त पैसे वर्षाला दुरुस्तीवर जात असतील, तर ते यंत्र कितीही सूत काढो, बक्षिसाला पात्र नाही. यंत्राची जाहिरात आपण रोज वाचतो, ऐकतो. किती काम देईल ते त्यात असते, किंमतही असते. बिघडल्यावर वर्षाला काय पडेल हे कधी कोणी लिहिले आहे काय? पेळूची अटही सहज घातलेली नाही. कच्चा माल तयार करायला बाई दुसऱ्याच्या दारात गेली, की तिचे निम्मे स्वातंत्र्य गेले, हे त्या अटीमागचे गणित आहे.

ते बक्षीस कोणाला मिळाले? कोणालाच नाही. यंत्रे पाठविण्याची मुदत ऑक्टोबर १९३० ची होती, आणि मध्येच मिठाचा सत्याग्रह उभा राहिला. जाहिरात काढणारेच येरवड्याच्या तुरुंगात जाऊन बसले. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातही असे यंत्र घडविण्याचा प्रयत्न झाला. नांगर आणि पंप करणारे ते हात, कसबात कमी नव्हते. तरी सगळ्या अटी एकदम पुऱ्या करणे साधले नाही. सूत भरपूर काढायचे तर यंत्र गुंतागुंतीचे होते. गुंतागुंत वाढली की गावच्या सुताराच्या हातून दुरुस्ती होत नाही. ही ओढाताण आजही तशीच आहे, फक्त सुताराच्या जागी मोबाईल दुरुस्त करणारा पोऱ्या आला आहे.

मौज अशी की, लाखाच्या बक्षिसातून जे निघाले नाही त्याचा थोडा अंश तुरुंगाच्या कोठडीत निघाला. येरवड्याला गांधीजी चरख्याशी खटपट करीत बसले आणि तिथून पेटी चरखा पुढे आला. मोठ्या चाकाच्या जागी दोन लहान चाके, एकाने दुसऱ्याला गती द्यायची, आणि सगळा संसार एका पेटीत मिटवून काखेत मारायचा. पुढे भारतानंद म्हणून ओळखले जाणारे मॉरिस फ्रीडमन या पोलंडच्या इंजिनियराने धनुष टकळीचे काम केले. त्यात चाकच नाही. बांबूच्या धनुष्याने टकळी फिरवायची. हेच गृहस्थ औंध संस्थानातल्या ग्रामराज्याच्या प्रयोगातही होते. विजेच्या कारखान्यात वाढलेला माणूस बांबूकडे वळतो तेव्हा त्याला मागासलेला म्हणायचे, की बिघाडाची जागाच काढून टाकली म्हणून हुशार म्हणायचे? मला तरी दुसरे म्हणावेसे वाटते.

आता आपल्या वर्ध्याकडे येऊ. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाजांनी आपली बाग आणि बंगला दिला. मगनलाल गांधींच्या नावावरून तिला मगनवाडी म्हणू लागले. संघाचे काम जे. सी. कुमारप्पा यांच्याकडे आले. हे लंडनला शिकलेले हिशेबतपासनीस, पुढे अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकून आलेले. माणूस हिशेबाचा, म्हणून त्यांनी ग्रामोद्योगाचाही हिशेब मांडला. मध्यप्रांत आणि वऱ्हाडच्या सरकारसाठी १९३८-३९ मध्ये त्यांच्या समितीने शेकडो गावे पाहून उद्योगांची पाहणी केली. गावात तेली किती, त्यांची घाणी किती तास चालते, सरकी कुठे जाते, असे हे काम. खोलीत बसून योजना आखण्याचा तो प्रकार नव्हे.

घाणीचेच उदाहरण घेऊ. गावची जुनी बैलघाणी एका वेळी थोडेच बी घेई, बैल थके, आणि पेंडीत बरेच तेल राही. उपाय दोन. एक म्हणजे घाणी मोडून शहरात तेलाची गिरणी घालणे. दुसरा म्हणजे घाणीतच सुधारणा करणे. मगनवाडीत झवेरभाई पटेल यांनी दुसरा मार्ग धरला. उखळाची आणि लाटेची ठेवण बदलून, एका घाण्यात अधिक बी मावेल आणि बैलावर ताण कमी पडेल अशी घाणी त्यांनी सिद्ध केली. ती वर्धा घाणी या नावाने देशभर गेली. तेली तोच, बैल तोच, लाकूड तेच आणि दुरुस्ती करणारा गावचा सुतारही तोच राहिला, तरी उत्पन्न वाढले. मगनवाडीतच वनस्पतीच्या तेलावर जळणारा मगनदीप झाला. कंदिलातले रॉकेल समुद्रापलीकडून येते आणि करडईचे तेल आपल्या शेतातून, हा त्यामागचा साधा विचार. ३० डिसेंबर १९३८ ला गांधीजींच्या हस्ते उघडलेले मगन संग्रहालय वर्ध्यात आजही आहे. सहलीला मुलांना तिथे जरूर न्यावे.

कुमारप्पांनी १९४५ मध्ये तुरुंगात असताना स्थायी अर्थव्यवस्थेवर पुस्तक लिहिले. त्यातला एक भेद मला फार उपयोगी वाटतो. काही धन साठ्याचे असते: कोळसा, खनिज तेल, लोखंड. काढले की तेवढे कमी झाले. काही धन प्रवाहाचे असते: पाऊस, ऊन, पिके, नीट राखले तर जंगलही. साठ्यावर उभारलेला धंदा कधीतरी भांडणापर्यंत जातो, कारण साठा दुसऱ्याच्या हद्दीत असतो. आज जगात शाश्वत विकास हा शब्द ज्याच्या त्याच्या तोंडी आहे. आपल्या मगनवाडीच्या या हिशेबतपासनिसाने तो विचार त्याच्या किती आधी मांडून ठेवला होता!

मजुरीची गोष्ट याच्याशी जोडलेली आहे. ऑक्टोबर १९३५ मध्ये चरखा संघाने वर्ध्याच्या बैठकीत ठराव केला की कातणाऱ्या बाईला पोट भरेल एवढी मजुरी दिली पाहिजे. बाजारात स्वस्त पडते म्हणून तिला कमी देता कामा नये. तेव्हा विनोबा नालवाडीला होते. त्यांनी दिवसदिवस सूत कातून, त्याच्या मजुरीत माणूस काय खाऊ शकतो हे स्वतःवर अजमावून पाहिले. १९३८ मध्ये प्रकृती ढासळली तेव्हा ते पवनारला आले. १९५० मध्ये याच पवनारच्या परंधाम आश्रमात त्यांनी कांचनमुक्तीचा आणि बैलांवाचून शेतीचा प्रयोग केला. विहिरीचा रहाट माणसे फिरवीत. हा प्रयोग गावागावांत करा असे मी म्हणणार नाही. प्रपंचातल्या माणसाला तो झेपायचा नाही. पण हेच विनोबा विज्ञान आणि आत्मज्ञान यांची जोडी हवी असे जन्मभर सांगत राहिले, हेही विसरू नये.

विजेबद्दल तर गांधीजींनी १९३५ मध्येच लिहून ठेवले होते. खेड्यात घरोघर वीज आली आणि तिच्यावर लोकांनी आपली अवजारे चालविली, तर त्यांची हरकत नव्हती. मात्र गावाला जसे गायरान असते तसे वीजघर गावाच्या किंवा सरकारच्या मालकीचे असावे. शिवणाचे यंत्र तर त्यांना १९२४ पासून मान्य होते. म्हणजे वाद यंत्राचा नव्हताच. बटण कोणाच्या हाती, हा वाद होता.

स्वातंत्र्यानंतर अंबर चरखा आला. तमिळनाडूच्या एकांबरनाथ यांनी तो १९४९ च्या सुमारास केला. त्यांच्याच नावातून अंबर शब्द आला. एका चातीऐवजी अनेक चात्या, गिरणीतल्या कताईचे तत्त्व छोट्या चौकटीत बसविलेले. आपले अर्थशास्त्रज्ञ दत्तात्रय गोपाळ कर्वे यांच्या समितीने १९५५ मध्ये दुसऱ्या पंचवार्षिक योजनेसाठी ग्रामोद्योगांची आखणी केली, तेव्हा अंबरवर मोठी भिस्त ठेवली. नव्या कापडाची गरज गिरण्या वाढवून नव्हे, तर हातमाग आणि चरखा यांतून भागवावी, असा तो विचार होता. पुढे सहा आणि आठ चात्यांची नमुनेही निघाली. सूत वाढले, यात शंका नाही.

पण १९२९ च्या अटींची कसोटी लावून पाहा. अंबरचे दाते, रूळ, पट्टे गावच्या सुताराच्या आवाक्याबाहेर गेले. त्याला लागणारा पेळू इतका एकसारखा हवा की तो घरी पिंजून होईना. पुढे मोठमोठ्या केंद्रांत यंत्रावर पेळू करून खेड्यांत पाठविण्याची व्यवस्था करावी लागली. ज्या वर्धा जिल्ह्याच्या शेतात कापूस पांढराशुभ्र फुटतो, तिथल्या बाईने दूरच्या पेळूची वाट पाहत बसायचे! हात मोकळा, चरखा मोकळा, आणि पेळू आलेला नाही, असे दिवस मावशीने पाहिले आहेत. त्यात कोणा एकाचा दोष आहे असे मी म्हणत नाही. यंत्राने दम वाचविला, पण दोरी दुसरीकडे नेऊन बांधली, एवढेच.

अलीकडची गोष्ट आता थोडक्यात. मगनवाडीतच २००८ पासून महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था ही राष्ट्रीय संस्था काम करीत आहे. तिच्या उभारणीत दिल्लीच्या आयआयटीचा हात होता. सौर चरख्याचे काम तिथे झाले. बंगळूरच्या हिरेमठ यांनी तर असा चरखा केला की सूत कातता कातता बॅटरी भरावी आणि रात्री तिच्यावर दिवा लागावा, ट्रान्झिस्टरही वाजावा. रेडिओवरून बोलणाऱ्याला हा चरखा आवडला तर नवल नाही. २०१८ च्या जूनमध्ये केंद्र सरकारने सौर चरखा मिशन सुरू केले. पन्नास समूहांसाठी दोन वर्षांचे ५५० कोटी रुपये ठरविले. त्याआधी बिहारमध्ये नवादा जिल्ह्यातल्या खानवा गावी प्रयोग झाला होता.

इथे एक मोठा पेच उभा राहिला. १९५६ च्या कायद्याप्रमाणे खादी म्हणजे हाताने कातलेल्या सुताचे, हातमागावर विणलेले कापड. उन्हाच्या विजेवर कातलेले सूत हाताचे म्हणायचे का? कायद्याच्या शब्दाप्रमाणे नाही. म्हणून २०१३ पासून जो खादी मार्क आहे तो त्याला लागत नाही. कोणी म्हणतात, बाईची कंबर वाचते आहे, व्याख्या बदला. कोणी म्हणतात, व्याख्या सैल केली की उद्या गिरणीवाला छपरावर चार पत्रे लावून खादी विकील. मला दुसऱ्यांची भीती खरी वाटते. पण पहिल्यांची कळकळही खोटी नाही. तोडगा बहुधा वेगळ्या नावात आहे. सौर सुताला स्वतःचे नाव, स्वतःची खूण द्यावी आणि गिऱ्हाइकाला खरे सांगावे.

कुमारप्पांचा भेद इथेही लावता येतो. ऊन हा प्रवाह आहे, त्याचे बिल येत नाही. पण बॅटरी हा साठा आहे. ती काही वर्षांत संपते, तिच्यातला धातू परदेशी खाणीतून येतो, आणि संपल्यावर टाकायची कुठे हे गावाला कोणी सांगितलेले नसते. म्हणून सौर यंत्र घेणाऱ्याने पत्र्याची किंमत विचारण्याआधी बॅटरीचे वय विचारावे.

आणि हिशेबाची यंत्रे? तीही आता कारखानदारीचाच भाग झाली आहेत. फोनवर मागणी येते, पैसे फोनवरच जमा होतात, मालावर चौकोनी ठिपक्यांची खूण असते, तार मोजायलाही डबा आला आहे. याचा लाभ मी डोळ्यांनी पाहिला आहे. मजुरी थेट खात्यात येऊ लागल्यापासून मधल्या माणसाने चार आणे कापण्याची वाट पुष्कळ ठिकाणी बंद झाली. ही काही लहान गोष्ट नव्हे.

माझा एक जुना विद्यार्थी वर्ध्याजवळ खादीच्या पिशव्या आणि झोळ्या शिवण्याचे छोटे काम करतो. त्याने कर्ज काढून संगणकावर चालणारे भरतकामाचे यंत्र घेतले. वर्षभर झकास चालले. मग ऐन लग्नसराईत त्यातला एक पाट बंद पडला. विकणाऱ्याने फोन उचलेपर्यंत आठवडा गेला. पाट दुसऱ्या राज्यातून यायचा, तो यायला सहा आठवडे लागले. हप्ता मात्र दर महिन्याला तारखेवर जात राहिला. बाया रिकाम्या बसल्या. तो मला म्हणाला, “सर, मशीन घेताना मी सगळं विचारलं होतं. बिघडली तर कोण, एवढंच विचारायचं राहिलं.” मी त्याला १९२९ ची शेकडा पाचाची अट सांगितली. तो हसला. पण पुढचे यंत्र घेताना त्याने एक जादा पाट आधीच मागून घेतला, आणि गावातल्या मोबाईल दुरुस्तीवाल्या मुलाला तो बसवायला शिकविण्याचे विक्रेत्याकडून कागदावर लिहून घेतले.

माझी मावशी आता सत्तरीला टेकली आहे. हौस म्हणून आणि थोड्या पैशासाठी ती अजून एका केंद्रात जाऊन बसते. तिथे तार मोजायचा डबा बसविला. मी गेलो तेव्हा तिची तक्रार चालू होती. म्हणाली, “बाबू, सूत मले दिसते, पण गिनती त्या डब्यात हाय. तो म्हनीन तेवढं खरं.” तिच्या हातात तिची जुनी वही होती, प्रत्येक लटेला एक रेघ मारलेली. त्या दिवशी डबा सहा गुंड्या म्हणत होता, वही सहा गुंड्या आणि एक लट. केंद्रातली मुलगी समजूतदार होती. तिने वाद घातला नाही, जुना फाळका काढला आणि म्हणाली, “आजी, मोजून घेऊ.” आम्ही तिघे बसलो. मावशी ओठात मोजू लागली, मी बोटांवर. मध्ये कोणी चहा घेऊन आला त्याला तिने हाताने थांब म्हटले. पाऊण तास गेला. डबा बरोबर निघाला. एका लटेला मावशीने दोन रेघा मारल्या होत्या. तिने वहीतली एक रेघ खोडली, डब्याकडे एकदा पाहिले, आणि मुलीला सांगितले की फाळका आत ठेवू नको, इथंच भिंतीला टांगून ठेव.